दवाची शर्त

“हे ‘जर’ कोणी घालून ठेवलं?”

प्रेमाची सुरुवात जरा बऱ्या वाक्यानं व्हावी असं कुठल्याही मुलीला वाटतं. माझ्या वाट्याला हे आलं. मार्गशीर्षातली सकाळ होती. अवकाळी पाऊस लागलेला, धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. आमच्या ओसरीच्या पायरीवर, पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेला एक उंच माणूस उभा. स्वतः चिंब, पण कोटाच्या आतून त्यानं जो कागद काढला तो अगदी कोरडा. ते मला तेव्हाच आवडलं होतं. कबूल करायला पुढं दोन महिने लागले.

खरं तर मी उठून आत जायला हवं होतं. बाबा घरी नव्हते, आत्याबाई परसात होत्या, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीनं परक्या माणसासमोर बसून राहणं म्हणजे… पण माझ्यापुढं नुकताच लिहिलेला कागद होता. हवा ओली, शाई वाळायला तयार नाही. उठले असते तर पदर लागून ओळ फिसकटली असती. म्हणून बसून राहिले. हातात बोरू, बोटं काळी.

त्यानं माझ्या बोटांकडं पाहिलं. मग माझ्यापुढच्या कागदाकडं. मग स्वतःच्या हातातल्या कागदाकडं. दोन्हीकडं तेच अक्षर, तीच डावीकडं कललेली वळणं.

“म्हणजे अनंतराव अर्जीनवीस,” तो सावकाश म्हणाला, “तुमीच का?”

“अनंतराव कचेरीत गेलेत. संध्याकाळी या.”

“संध्याकाळी अनंतराव भेटतील. लिहिणारं माणूस मले आत्ता भेटलं.”

इथं थोडं मागचं सांगते, नाहीतर तो कशासाठी आला होता ते कळायचं नाही.

आमचं गाव एदलाबाद. आता सगळे आदिलाबाद म्हणतात. अंमल निजामाचा. कचेरीत उर्दू, बाजारात तेलुगू, आणि आमच्यासारख्या जुन्या घरांतून नि पैनगंगेकाठच्या खेड्यांतून आमची मराठी. बाबा कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज आणि करारनामे लिहून देत. त्यांचं मोडी अक्षर नावाजलेलं. चार वर्षांपूर्वी त्यांची नजर अधू झाली आणि ते काम माझ्याकडं आलं. शिकवलं कुणी नाही. त्यांचे जुने नमुने पुढ्यात ठेवून गिरवत गेले, एवढंच. बाबा दिवसभर लोकांचं म्हणणं ऐकत, डोक्यात साठवून घरी आणत, आणि मी लिहीत असे. बाहेर कुणाला याचा पत्ता नव्हता.

घरात मात्र रमाबाई आत्यांच्या मते माझा बोरू हाच घराला लागलेला रोग होता. तोवर दोन स्थळं येऊन गेली होती. मुलीला लिहिता येतं एवढंच त्यांच्या कानावर गेलेलं. दोघांचीही मागणी एकच, की लग्नानंतर ते बंद. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. आत्याबाई म्हणायच्या, एवढ्याशा बोरूपायी जन्म असाच काढशील काय. मी म्हणायचे, काढीन. मला लग्न नको होतं असं नव्हे. पण बोरू खाली ठेवून मिळणारं लग्न मला नको होतं, आणि हे त्यांना कुठल्याच भाषेत समजावता येत नव्हतं.

तर, त्या ‘जर’चं.

कापसाच्या हंगामात गावातले एक जिनवाले शेठजी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचे मालक, बाबांकडून करारनाम्याचे चाळीस नमुने करून घेत. मजकूर सगळ्यांत एकच. शेतकऱ्याचं नाव, गाव आणि गाड्या किती, एवढीच जागा कोरी. त्यात एक शर्त वर्षानुवर्षं चालत आलेली: जर कापूस ओला आढळला, तर गाडी परत. वाचायला किती सरळ. पण गाड्या बारा-बारा कोसांवरून येत, जिनाच्या फाटकाबाहेर दोन-दोन दिवस रांगेत उभ्या राहत, वरून मार्गशीर्षाचं दव… आणि तिसऱ्या दिवशी जिनाचा कारकून कोपरापर्यंत हात खुपसून सांगायचा, ओला आहे. न्या परत.

ती ओळ उतरवताना दरवर्षी माझा हात अडायचा. त्या वर्षी बाबांनी नाकाशी कागद धरून पहिले दोन नमुने कसेबसे लिहिले. उरलेले अडतीस मी लिहिले. आणि त्या अडतिसांत, कुणाला न विचारता, त्या ओळीपुढं आणखी एक जोडली: जर गाडी फाटकावर एक रात्र थांबली, तर त्यानंतरचा ओलावा जिनाचा.

कारकुनानं वरचा नमुना वाचला. बाकीचे दरवर्षीसारखेच असणार म्हणून गठ्ठा शेठजींपुढं ठेवला. शेठजींनी चाळीसही कागदांवर शिक्का उठवला. ही चूक आमच्याच धंद्यातली. एकदा नमुना म्हटलं की वाचतो कोण. मग एका सकाळी बेला गावच्या पांडुरंगरावांची गाडी परत फिरवली तेव्हा त्यांनी फाटकावरच आपला कागद काढला, शेजाऱ्याकडून वाचून घेतला, आणि बैल सोडून तिथंच बसले.

वरचा एकच नमुना वाचणारा तो कारकून म्हणजे हा पायरीवरचा माणूस. नाव व्यंकटराव.

“शेठजी विचारून राह्यले, हे वाक्य आलं कुठून,” तो म्हणाला. “मी काय सांगू?”

“न वाचता शिक्का घेतला, असं सांगा.”

त्याला हसू आलं असावं. मिशीवरचा थेंब हलला. “अन् ओलावा जिनाचा कसा? दव काय जिन पाडते?”

“दव देव पाडतो. रांग जिन लावतं.”

पागोळ्यांचा आवाज तेवढा येत राहिला. मग त्यानं कागद पुन्हा वाचला, माझ्यासमोर, ओठ हलवत, शेवटपर्यंत.

“वाक्य खरं आहे,” तो म्हणाला. “पण अर्धं आहे. जर कोणी घरूनच ओला कापूस आणला, अन् मुद्दाम फाटकावर रात्र काढली, तर?”

माझा पारा चढला. कारण त्याचं बरोबर होतं. चार वर्षं मी लिहीत होते; बाबा कौतुक करायचे, आत्याबाई कपाळ बडवायच्या, पण माझं लिहिलेलं नीट वाचून त्यातली फट दाखवणारं माणूस हे पहिलंच. एवढ्यात आत्याबाई परसातून भाजी घेऊन आल्या आणि त्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो पावसात निघून गेला. खोळ पायरीवरच राहिली.

पुढचं बाबांनी संध्याकाळी सांगितलं. शेठजींनी विचारल्यावर व्यंकटरावांनी अर्जीनवीसाचं नाव घेतलं नाही. वाक्य मी वाचलं होतं, मला रास्त वाटलं, म्हणून राहू दिलं, असं सांगितलं. शेठजी म्हणाले, “तो फिर जाओ, फाटक पे खड़े रहकर ओस गिनो.” गादीवरच्या कारकुनाला दव मोजायला बाहेर थंडीत उभं केलं.

इतकं होऊनही ती शर्त काही गेली नाही. इतर शेतकरी आता त्या वाक्याशिवाय अंगठा द्यायला तयार नव्हते. शेठजींना उरलेल्या हंगामासाठी नवा नमुना हवा होता, आणि तो ठरवायचं काम पुन्हा व्यंकटरावांवरच आलं. मसुदे बाबांच्या पिशवीतून येऊ-जाऊ लागले.

त्यांनी लिहिलं: जर गाडी येताच कारकुनानं हात घालून पाहिलं आणि कापूस कोरडा निघाला, तर पुढचा ओलावा जिनाचा.

फट बुजली होती. पण मी काही एवढ्यावर सोडणारी नव्हते. खाली लिहिलं: जर कारकून हात घालायला आलाच नाही, तर कापूस कोरडा धरावा.

दुसऱ्या दिवशी उत्तर: जर कारकून जेवायला गेला असेल, तर?

मी लिहिलं: तर त्यानं लौकर जेवावं.

तिसऱ्या दिवशी, समासात, बारीक अक्षरात: जर कारकुनाला घरी वाढणारं कोणी नसेल, तर?

तो कागद मी किती वेळा वाचला ते सांगत नाही. त्या दिवशीच्या करपलेल्या भाकऱ्या आत्याबाईंनी कुत्र्याला घातल्या. संध्याकाळी त्या ओळीखाली लिहिलं: हे कलम कापसाच्या करारात बसत नाही. कागद पिशवीत टाकला आणि टाकल्यावर वाटलं, फार कोरडं झालं का…

उत्तर आलं: मग कोणत्या करारात बसते, ते कळवावं.

“डोळे गेलेत माझे, चारू,” बाबा अंथरुणावर कूस बदलत म्हणाले. “पण कागद वाचताना तू हसतेस ते ऐकू येते मले.”

नवा नमुना ठरला. दोन्ही वाक्यं त्यात आली. पौषात एकदा आत्याबाईंबरोबर देवळात जाताना वाट जिनावरून होती. फाटकापाशी गाड्यांची रांग, हवेत कापसाचे तंतू, सरकीचा उग्र वास. व्यंकटराव एका गाडीत खांद्यापर्यंत हात घालून उभे होते. केसांत, भुवयांत कापूस अडकलेला, जणू एका दिवसात म्हातारे झालेले. त्यांना मी दिसले. हात तसाच आत, नजर माझ्यावर.

“कोरडा,” ते मोठ्यानं म्हणाले. गाडीवाल्याला कळावं म्हणून. माझं तोंड मात्र तापलं, आणि आत्याबाई म्हणाल्या की भर थंडीत तुला ऊन कशानं लागलं.

मग त्यांनी रीतसर बाबांना विचारलं. बाबांनी मला विचारलं. मी खाली बघून हो म्हटलं. तेवढं मलाही येतं.

आता यादीचं. आमच्याकडं लग्न ठरलं की दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसून यादी लिहितात: कोणी काय द्यायचं, कोणाचा कसा मान, कोण काय पाळणार. सह्या झाल्या की सोयरीक पक्की. व्यंकटरावांना वडील नव्हते. काका नागोराव घरातले कर्ते. त्या घरात यादीचा नमुनाच तयार होता. चार सुना त्यावर आलेल्या. मुलीचं नाव तेवढं कोरं. बैठकीच्या आदल्या दिवशी, दुपारी, व्यंकटराव तो कागद घेऊन आले आणि पायरीवर बसले. सहावी शर्त त्यांनी स्वतः बोट ठेवून दाखवली. त्यांचा हा प्रामाणिकपणा मी कधी नाकारला नाही.

जर मुलीला लिहिता-वाचता येत असेल, तर लग्नानंतर तिनं हाती लेखणी धरू नये.

“कागद आहे तो,” ते म्हणाले. “काकांचं मन राह्यते. मंग घरात तुमाले कोण अडवते? मी अडवीन काय?”

“नसाल अडवणार, तर लिहिता कशाला?”

“नमुना आहे चारुशीला. सगळ्याइच्या यादीत तेच असते. पाळते कोण?”

मला वाटलं होतं, मी ओरडेन. आवाज उलट खालीच गेला. “महिनाभर फाटकावर उभे राहिलात तुमी. एका ओळीपायी माणसं बैल सोडून बसलेली पाहिलीत. अन् माझ्या वेळी म्हणता, नमुना आहे?”

त्यांनी सहाव्या शर्तीवरचं बोट काढून घेतलं.

“मी जे मान्य करते ते पाळते, व्यंकटराव. म्हणून मान्य करण्याआधी वाचते.”

“मंग नाही म्हणता का?”

“यादीला नाही म्हणते.”

“अन् मले…?”

मी आत गेले. डोळ्यांना काही कारण असावं म्हणून कांदा घेऊन बसले. आत्याबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “त्या कांद्याले अजून विळी नाही लागली.”

बैठक सकाळी. नागोराव मोठा फेटा घालून आले, बरोबर दोन वडीलधारे. घोंगडी अंथरलेली, पानसुपारी झाली. व्यंकटराव कोपऱ्यात, मान खाली. मी दाराआड. वाटलं होतं, वाचन होईल, बाबा त्या शर्तीवर अडतील, मग बघू. पण नागोरावांनी मोठ्या मानानं कागद बाबांच्याच हाती दिला. तालुक्याचा अर्जीनवीस समोर असताना दुसऱ्यानं कशाला वाचायचं?

बाबांनी कागद धरला. जवळ नेला. लांब नेला. खिडकीच्या उजेडाकडं वळवला. ओसरीवर कुणी हलेना. नागोरावांच्या तोंडातलं पान थांबलं.

त्या क्षणी दाराआड राहणं मला जमलं असतं तर पुढचं आयुष्य सोपं गेलं असतं. मी बाहेर आले, बाबांच्या हातातून कागद घेतला आणि वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं. नवरदेवाचा फेटा, वरमाईचं लुगडं, मुऱ्हाळ्याचा मान, सगळं. सहाव्या शर्तीपाशी आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. ती वाचली, तशीच सातवी, आठवी वाचली, सह्यांच्या जागेपर्यंत आले आणि कागद नागोरावांपुढं ठेवला.

“सहावी मला मान्य नाही. बाकी बाबा म्हणतील तसं.”

“बाई,” नागोराव म्हणाले, आणि मला नव्हे, आत्याबाईंना म्हणाले, “पोरीच्या जातीनं यादीत बोलायचं नसते.”

“मी दुसऱ्यांच्या शेकडो शर्ती लिहिल्या,” मी म्हटलं. “आज एक माझी आहे.”

मग बाबा उभे राहिले. हात चाचपडत माझ्या खांद्यावर ठेवला. “चार वर्षं झाले,” ते म्हणाले, “माझ्या नावाचा एक एक कागद हिनं लिहिला. तुमच्या शेताचा बटईचा कागदसुद्धा, नागोराव. तवा चांगलं अक्षर आहे म्हणाले होते तुमी.”

नागोरावांनी यादीची घडी घातली. उठले. दोघे वडीलधारे उठले. व्यंकटराव शेवटी उठले, माझ्याकडं एकदा पाहिलं, ओठ हलले… आणि काकांच्या मागं पायऱ्या उतरले.

आत्याबाईंनी पानाचं तबक आवरलं. रात्री माझ्या ताटात तूप जरा जास्त होतं.

नऊ दिवस गेले. जिनाच्या फाटकावर दुसराच कारकून होता. मी कामं केली. तीन अर्ज, दोन करारनामे. एकातही चूक नाही. कशी केली ते विचारू नका.

दहाव्या दिवशी दुपारी पायरीवर सावली पडली. व्यंकटराव. काकांच्या गावाहून चालत आलेले, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. बसले. पाणी दिलं तर तांब्या हातातच राहिला. काकांशी नऊ दिवस वाद चालला होता, ते सांगितलं. काका लग्नाला येणार नव्हते. व्यंकटरावांची आई येणार होती, रडत का होईना.

“यादी-बिदी काही आणली नाही मी,” ते म्हणाले. “तुमी म्हणाल ते. बिनशर्त.”

कुठलीही दुसरी मुलगी इथं विरघळली असती. मीही जवळजवळ…

“बिनशर्त नको,” मी म्हटलं.

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

“बिनशर्त म्हणणाऱ्याला काहीच पाळावं लागत नाही. उद्या काका आजारी पडतील, आई रडेल, गावात लोक हसतील. त्या दिवशी तुमी काय करणार, ते आज ठरवा. वाईट दिवसाचा आधी विचार करायचा, त्याला शर्त म्हणतात. मला तुमी हवे आहात, म्हणून मी शर्त घालते. नको असते तर कशाला घातली असती?”

“हवे आहात म्हणाल्या तुमी,” ते म्हणाले.

“तेवढंच ऐकलंत?”

“बाकीचं मंग ऐकतो. हे एकदा परत म्हणा.”

“लिहा,” मी म्हटलं, आणि माझा बोरू त्यांच्या हाती दिला. तोवर तो मी कुणाला दिला नव्हता. “जर घरात वा बाहेर कोणी चारुशीलेची लेखणी अडवली, तर व्यंकटरावांनी त्याच वेळी, सगळ्यांसमोर बोलावं. मागून समजूत काढू नये.”

‘मागून’पाशी त्यांचा हात थांबला. मान खालीच होती. मग ते वाक्य त्यांनी पूर्ण लिहिलं आणि न विचारता त्याखाली स्वतःचं एक घातलं: जर व्यंकटराव गप्प राहिला, जसा त्या दिवशी राहिला, तर त्यास एकदा माफी असावी. दुसऱ्यांदा नसावी.

“एकदाची तर वापरून झाली,” मी म्हटलं.

“मंग खोडू?”

त्यांचं अक्षर माझ्याइतकं चांगलं नव्हतं. ओळी चढत जायच्या. शाई वाळेपर्यंत मी त्या चढलेल्या ओळीकडं बघत राहिले.

“राहू द्या. खाली लिहा, माफी दिली.”

लग्न फाल्गुनात झालं. नागोराव आले नाहीत. बेल्याचे पांडुरंगराव गाडी जुंपून आले आणि जेवताना सगळ्यांना जिनाची गोष्ट सांगत बसले.

बाबांनी बैठकीत जे सांगितलं होतं ते तोवर गावभर झालंच होतं. आता लपवायला काही उरलं नव्हतं, तर मी घरात बसून तरी का लिहायचं? लग्नानंतर पाचव्या दिवशी मी डोक्यावरून पदर घेतला, लिहिण्याची पेटी काखेत घेतली आणि बाबांचा हात धरून कचेरीकडं निघाले. व्यंकटराव बरोबर होते. लिंबाखाली सतरंजी घातली. लोक जमले. कुणी हसलं, कुणी थुंकलं. कचेरीतले पेशकार साहेब पायऱ्या उतरून आले.

“ये क्या है, अनंतराव?”

“मददगार,” बाबा म्हणाले. त्यांच्या परवान्यात मदतनीस ठेवायची मुभा होती. तो पुरुषच असावा, असं लिहायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पेशकारांनी परवाना उलटून पाहिला, सुलटून पाहिला. मग व्यंकटरावांकडं वळून विचारलं, ही तुमची बायको ना, तुम्हाला हे चालतं काय. शंभरेक माणसं ऐकत होती. जिनाचे दोघे-तिघे होते. नागोरावांच्या गावचेही असतील.

“मी नुसतं चालवून घेत नाही, साहेब,” व्यंकटराव मोठ्यानं म्हणाले. “मी त्यासाठीच हिले मागणी घातली.”

पेशकार परवाना परत देऊन पायऱ्या चढले. गर्दीतून एक म्हातारी, शकुबाई तिचं नाव, पुढं आली. मुलीच्या सासरच्या लोकांशी काही करार करायचा होता तिला. तिनं बाबांकडं पाहिलं, व्यंकटरावांकडं पाहिलं, आणि मग माझ्यासमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून, बसली.

“सगळं सांगा, मावशी,” मी म्हटलं आणि दौतीचं झाकण काढलं. “घाई नाही.”